ओंडका खरा, दरोडेखोरांचं बघू

वाचक विचारतात : घरच्या आठवणी आणि त्यांची पारख

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओरेगन राज्यात असते. तिच्या शेजारी राहणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या बाईंनी तिला घरचं एक जुनं बाड वाचायला दिलं. बाईंच्या पणजीने म्हातारपणी सांगितलेली हकिकत बाईंच्या आईने लिहून घेतली होती, तिची ही टाइप केलेली पानं. पणजी १८५२ साली नऊ वर्षांची असताना मिसुरीहून बैलगाडीने पश्चिमेला ओरेगनपर्यंत गेली. वाटेत धाकटा भाऊ पटकीने गेला. त्याला वाटेतच पुरलं आणि त्यावरून सगळ्या गाड्या नेल्या. आईने माहेरचं खणांचं कपाट नदीकाठी टाकून दिलं. एका रात्री रेड इंडियनांनी वेढा घातला, तो वडिलांनी बंदुकीच्या जोरावर मोडला. शेवटी सरकारने ६४० एकर जमीन दिली.

मुलगी हे फोनवर वाचून दाखवत होती आणि मला माझी आजी आठवत होती. तीही सात वर्षांची असताना, मानमोडीच्या साथीच्या साली, खानापूरकडून अनमोडचा घाट उतरून गोव्यात आली. उतारावर गाडीच्या मागे ओंडका बांधला होता, असं ती नेहमी सांगायची. घाटात दरोडेखोर आडवे आले आणि पणजोबांनी कोयत्याने दोघांना लोळवलं, हीसुद्धा आमच्या घरची गोष्ट. ती मात्र काका जास्त रंगवून सांगायचे. नातवंडांसाठी हे सगळं लिहून ठेवायचं आहे. यातलं खरं किती धरायचं?
— एक वाचक, साखळी

उत्तर : काका जास्त रंगवून सांगायचे, हे तुम्ही सहज लिहून गेलात, अर्धं उत्तर तिथंच आहे. घाटात गाडीवर बसली होती ती आजी. काका तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

मी फोंड्याला शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यापासून लोकांच्या घरच्या वह्या, पत्रं, खटल्यांची दप्तरं वाचत असते. एवढं वाचून माझा एक ठोकताळा बसला आहे. लहानपणच्या प्रवासातली जी गोष्ट सांगून कुणाची शान वाढत नाही आणि कुणाची अब्रूही जात नाही, ती सहसा बनवलेली नसते. गाडीमागे ओंडका होता हे सांगून तुमच्या आजीला काय मिळणार होतं? सात वर्षांच्या पोरीने मागे वळून बघितलं, तर झाडाचं खोड दगडांवर आपटत गाडीमागून फरफटत येतंय. ते तिच्या डोळ्यात बसलं ते कायमचं. ओंडका कशासाठी हे तिला तेव्हा कळलंही नसेल. उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागून ओढ ठेवायची, हे मोठ्यांचं गणित. पणजोबांचा कोयता मात्र घराण्याला शोभा देतो, आणि अशा ठिकाणी मी जरा थांबते.

आता गंमत बघा. ओरेगनच्या वाटेवरही हाच ओंडका आहे. ही वाट साधारण दोन हजार मैलांची, म्हणजे ३,२०० किलोमीटरची. मिसुरी नदीपासून निघायचं, प्लॅट नदीच्या काठाने चढत जायचं, साउथ पासच्या खिंडीतून रॉकी पर्वत ओलांडायचा, पुढे स्नेक नदी आणि ब्लू माउंटन्स. चार ते सहा महिने चाल. शेवटच्या टप्प्यात माउंट हूड पर्वताला वळसा घालणारा बार्लो रोड १८४६ मध्ये खुला झाला. त्यावरच्या लॉरेल हिल नावाच्या उतारावर चाकं साखळीने जखडत, मागे अख्खं झाड बांधत, दोर उभ्या झाडाच्या बुंध्याला गुंडाळून हात-हातभर सोडत गाड्या खाली आणत. मुलीला सांगा, त्या पानांत हा उतार शोध. नसेल, तर कोलंबिया नदीतून तराफ्याने जाण्याची हकिकत असायला हवी. १८५२ साली ओरेगनच्या खोऱ्यात उतरायचे नेहमीचे मार्ग हे दोनच. पणजीने स्वतः पाहिलेलं सांगितलं असेल तर यातलं एक काहीतरी, वाकडंतिकडं का होईना, सापडेल.

बाकीच्या गोष्टींपैकी भावाची गोष्ट मी पूर्ण खरी धरेन. त्या वाटेवर माणसं मेली ती मुख्यतः पटकीने. १८४९ पासून तीन-चार वर्षं ही साथ प्लॅटच्या काठाने गाड्यांबरोबर चालत होती आणि १८५२ हे त्या वाटेवरच्या सर्वांत गर्दीच्या वर्षांपैकी एक. हजारो लोक एकाच काठावर तळ ठोकणार, तिथंच घाण करणार आणि तिथल्याच उथळ खड्ड्यातलं पाणी पिणार. सकाळी धडधाकट असलेलं पोर संध्याकाळी गेलेलं असे. (ही साथ मुळात बंगालच्या बाजूने निघून जहाजांतून जगभर पसरली होती. आणि अशाच रोगाचं वर्णन गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापून ठेवलं आहे, त्यामुळे आपल्याला तो परका नाही.) थडग्यावरून गाड्या नेण्याचा प्रकारही इतर अनेकांच्या डायऱ्यांत आहे. लांडग्यांनी उकरू नये, खूण राहू नये, म्हणून मुद्दाम माती चाकांखाली दाबून टाकत. नऊ वर्षांच्या बहिणीने ते पाहिलं. यात शान कसली आलीय?

कपाटही खरं. गाडीचा सांगाडा सुमारे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद, त्यात सहा महिन्यांचं धान्य. बैल थकले की जड सामान आधी जाई. त्या काठावर कपाटं, लोखंडी चुली, पेट्या, ऐरणी पडलेल्या असत. माहेरचं कपाट उतरवताना आईचा चेहरा कसा झाला होता, हे त्या पानांत असेल तर ते नातवंडांना पहिल्यांदा वाचून दाखवण्यासारखं आहे.

वेढ्याची गोष्ट मात्र काकांच्या दरोडेखोरांच्या जातीतली. तसे हल्ले झालेच नाहीत असं नाही. पण जॉन अनरू या इतिहासकाराने १८४० ते १८६० या वीस वर्षांचे कागद चाळून मोजणी केली, तेव्हा मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२ आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी ४२६ भरले. त्या काळात त्या वाटांनी गेलेली माणसं काही लाख. त्यांच्या नातवंडांनी सांगितलेले वेढे मोजायला बसलात तर प्रत्येक गाडीला एक येईल. खरं तर नदी पार करून देणं, ताजी सामन मासळी देऊन कपडे घेणं, वाट दाखवणं, असेच व्यवहार जास्त झाले. पुढे विसाव्या शतकात सिनेमाने गोलाकार लावलेल्या गाड्या आणि भोवती घोड्यावरून ओरडणारे लोक इतक्यांदा दाखवले, की म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत ते कधी शिरले ते त्यांनाही कळलं नसेल. बाईंच्या आईने हे लिहून घेतलं ते साल काढा. मूक चित्रपटांच्या काळातलं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

६४० एकरांचं तर कागदावरच तपासता येतं. १८५० च्या ओरेगन जमीन कायद्याने ६४० एकर मिळत होते ते त्या वर्षाच्या डिसेंबरच्या आधी तिथं पोचलेल्या जोडप्याला. नंतर आलेल्या जोडप्याला ३२०. तुमच्या बाईंची मंडळी १८५२ ची, म्हणजे ३२० च. उरलेले एकर मागाहून विकत घेतले असतील किंवा सांगता सांगता वाढले असतील. पण याच कायद्यात तुमच्या मुलीच्या कामाची एक गोष्ट आहे. जोडप्याच्या जमिनीतला अर्धा हिस्सा बायकोच्या स्वतःच्या नावावर होता. आपल्या गोव्यात पोर्तुगीज कायद्यामुळे नवराबायकोच्या अर्ध्या-अर्ध्या वाट्याचं कुणाला नवल नाही, पण १८५० च्या अमेरिकेत ते नवल होतं. जमिनीच्या त्या अर्जांत नवऱ्याचं जन्मस्थळ, लग्नाची तारीख आणि ओरेगनला पोचल्याची तारीख लिहावी लागे, आणि ती दप्तरं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कपाट टाकून आलेल्या त्या आईचं नाव तिथं शोधता येईल. (याच कायद्याच्या पायी जमिनीसाठी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची लग्नं लागली, हेही नोंदलेलं आहे. शेजारच्या बाईंना पणजीचं लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारा. हळू आवाजात विचारा.)

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती सर्वांत महत्त्वाची: आठवण कधी लिहिली गेली? दोन मुलींची उदाहरणं देते. कॅथरिन सेगर १८४४ साली, नऊ वर्षांची असताना याच वाटेने गेली. चालत्या गाडीतून उडी मारायचा मुलांचा खेळ चालला होता. तिच्या झग्याची किनार कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकली, ती खाली पडली आणि चाक पायावरून गेलं. वडिलांनी स्वतः हाड बसवलं. पुढे ग्रीन नदीकाठी वडील तापाने गेले, महिनाभरात आई गेली आणि सात भावंडं पोरकी झाली. त्यात सर्वांत धाकटी वाटेतच जन्मलेली. कॅथरिनने हे १८६० च्या सुमारास लिहिलं, म्हणजे पंचविशीत असताना. कुऱ्हाडीचा दांडा अजून तिथंच आहे, तलवार झालेली नाही.

दुसरी व्हर्जिनिया रीड. १८४६ मध्ये डोनर तांड्याबरोबर निघालेली बारा-तेरा वर्षांची मुलगी. हा तांडा एका ‘जवळच्या’ वाटेच्या नादी लागला, सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला आणि ८७ जणांपैकी निम्मेशिम्मेच वाचले. मेलेल्यांचं मांस खाऊन काही जगले. व्हर्जिनियाने मे १८४७ मध्ये चुलतबहिणीला पत्र लिहिलं. शुद्धलेखन असं की मी लाल शाईच शोधली असती, आणि शेवटी सल्ला: आडवाटेला कधी लागू नका आणि होईल तितक्या लवकर पुढे सरका. पुढे १८९१ मध्ये, साठीकडे झुकल्यावर, तिने मासिकात आठवणी छापल्या. त्यात घरची गाडी म्हणजे बाजूने पायऱ्यांचं दार, स्प्रिंगच्या बैठका, आत छोटी शेगडी, वर झोपायला दुसरा मजला. संशोधक त्या गाडीकडे आता बरेच संशयाने बघतात. मला त्यात लबाडी दिसत नाही. बारा वर्षांच्या मुलीला घरची गाडी मोठीच वाटणार, आणि चव्वेचाळीस वर्षांत ती आणखी दोन हात वाढणार. पण १८४७ चं पत्रही अगदी निखळ समजू नका. वडिलांनी त्यात स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या आहेत. आपल्याकडे मुलीने लिहिलेलं पत्र काका, आजोबा वाचून मगच पाकिटात घालत, त्यातलाच प्रकार.

म्हणून लिहिताना एवढं करा: आजीचं ते आजीच्या नावावर आणि काकांचं ते काकांच्या नावावर लिहा. दरोडेखोरांना गाळू नका. काका ती गोष्ट कुणाच्या लग्नात, कुणासमोर सांगायचे, आजी तेव्हा मान हलवायची की उठून आत जायची, तेही लिहा. आजी उठून जात असेल तर मला तरी दुसऱ्या साक्षीदाराची गरज नाही.

सालाबद्दल: मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, तिचा मोठा तडाखा पावसाळ्याच्या शेवटाला बसला. आजीच्या बोलण्यात घाटात धूळ होती की चिखल? धूळ असेल तर पाऊस संपून बरेच दिवस झाले असणार. मग ती माणसं साथीला भिऊन निघाली, की साथीत घरातलं कुणी गेल्यावर निघाली, हा पुढचा प्रश्न. त्या साली आजीचं कुठलं भावंड दगावलं का? सांगायच्या गोष्टींत दरोडेखोर आले आणि मेलेलं मूल गळालं, असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे. रेल्वे का नाही घेतली, असंही कुणीतरी तुम्हाला विचारेल. कॅसलरॉकहून मुरगावची रेल्वे तेव्हा तीस वर्षं धावत होती हे खरं, पण बैल, नांगर, भांडी आणि उकड्या तांदळाची पोती ज्यांना बरोबर न्यायची त्यांनी गाडीच जुंपायची. ओरेगनवाल्यांचंही तेच झालं. पैसेवाला कॅलिफोर्नियाला जहाजाने जाऊ शके. शेतकऱ्याला बैल न्यायचे होते.

प्रश्न : तुम्ही मागच्या एका उत्तरात ओरेगनच्या वाटेवरच्या मुलांचा उल्लेख केला होता. चार-सहा महिने ही मुलं दिवसभर करायची काय आणि खायची काय?
— एक गृहिणी, पेडणे

उत्तर : मुख्य म्हणजे चालायची. चित्रात मुलं गाडीत बसलेली दाखवतात, पण गाडीत सामान होतं. तान्ही, आजारी आणि बाळंतीण सोडून बहुतेकांनी ती वाट पायी तुडवली, त्यातली कितीतरी मुलं अनवाणी. दिवसाची मजल पंधरा मैलांच्या आसपास.

खाण्याचं सामान लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थाने १८४५ च्या मार्गदर्शिकेत सांगून ठेवलं होतं. एका मोठ्या माणसामागे सुमारे ९० किलो पीठ, ६८ किलो खारवलेलं डुकराचं मांस, साडेचार किलो कॉफी, नऊ किलो साखर, साडेचार किलो मीठ. भाजीपाल्याचं नावही नाही. (वर डोनर तांडा ज्या आडवाटेला लागून फसला ती वाट याच हेस्टिंग्जने सुचवलेली. सुचवली तेव्हा तो स्वतः त्या वाटेने गेलेला नव्हता. तांदूळ-डाळीचा हिशेब चोख देणाऱ्या माणसाची वाटही चोख असते असं नाही.)

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. सोबत दुभती गाय असे. सकाळचं दूध भांड्यात घालून गाडीला टांगून ठेवत. दिवसभर धक्के खाऊन संध्याकाळी त्यात लोण्याचा गोळा तयार. रवी फिरवायला कुणी लागत नसे.

मुलांचं ठरलेलं काम म्हणजे सरपण. प्लॅटच्या खोऱ्यात झाड औषधालाही नाही, तेव्हा बायसन या रानबैलांच्या वाळलेल्या शेणाच्या थापड्या वेचायच्या. सुरुवातीला शहरी मुली नाक मुरडून, काडीने उचलून टोपलीत टाकत. आठवड्याभरात त्याच मुली ओचा भरून हाताने गोळा करू लागत आणि चांगली वाळलेली कुठली, आतून ओली कुठली हे पाय लावून सांगत. ओल्या शेणीचा धूर म्हणजे काय, हे पेडण्यात मी सांगायला नको. पाऊस पडला की त्या रात्री चूल नाही, मग कोरडा पाव चावायचा.

आणि खेळ. व्हर्जिनियाची आठ वर्षांची बहीण पॅटी. सामान टाकून द्यायची वेळ आली तेव्हा तिने बोटाएवढी लाकडी बाहुली कपड्यात लपवली आणि कुणाला कळू दिलं नाही. बर्फातला तो हिवाळा सरून कॅलिफोर्नियात सुखरूप पोचल्यावर तिने ती बाहेर काढली. बाहुली अजून आहे, सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टमध्ये. रंग उडालेला, काळे केस रंगवलेले, उंची चार इंच. आईवडिलांनी पेट्या फेकल्या आणि पोरीने बाहुली नेली, यात मला कसलंच नवल वाटत नाही. आमच्या वर्गातल्या मुली सहलीला डबा विसरत, पण चिंचोके विसरत नसत.

प्रश्न : या ‘पायोनियर’, म्हणजे अमेरिकेत पश्चिमेला जाऊन वसलेल्या, बायकांच्या आठवणींचं एवढं कौतुक कशाला? ज्यांची जमीन होती त्यांना हाकलूनच ही घरं वसली ना?
— कॉलेजचा विद्यार्थी, वास्को

उत्तर : हो. प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही तसंच देते. वर सांगितलेला १८५० चा कायदा झाला तेव्हा तिथल्या मूळ लोकांशी जमिनीचे करार धडपणे झालेलेही नव्हते. आधी वाटली, मग विचारलं.

पण आठवणी बाजूला ठेवून तुला हे कळणार नाही. त्या दोन्ही बाजूंच्या वाचाव्या लागतील. सारा विनेमुका ही आजच्या नेवाडातल्या मूळ रहिवासी पायूट लोकांची मुलगी, जन्म १८४४ च्या सुमाराचा, म्हणजे कॅथरिनच्या प्रवासाच्याच वेळचा. तिने १८८३ मध्ये इंग्रजीत आपली हकिकत छापली. गोरे लोक माणसं खातात, अशी बातमी तिच्या लोकांत पसरली होती. एके दिवशी ते येताहेत म्हणून सगळे पळाले. तिच्या आईला आणि मावशीला मुलं घेऊन पळणं जमेना. म्हणून त्यांनी साराला आणि चुलतबहिणीला वाळूत गळ्यापर्यंत पुरलं, ऊन लागू नये म्हणून चेहऱ्यावर सेजच्या झुडपांच्या फांद्या रोवल्या आणि हूं की चूं न करण्याची ताकीद देऊन त्या निघून गेल्या. दिवसभर पोरी तशाच. रात्री आई परत येऊन उकरेपर्यंत साराला वाटत होतं, आता पावलं येणार, आपल्याला काढून खाणार. माणसं खाण्याची अफवा खोटी म्हणावी तर डोनर तांडा आठवतो. गोऱ्या मुली ज्यांच्या भीतीने रात्री जाग्या राहिल्या, त्यांच्या मुली वाळूत होत्या.

कॅथरिनचंही पुढे वाच. पोरक्या भावंडांना व्हिटमन नावाच्या मिशनरी जोडप्याने सांभाळलं. १८४७ मध्ये नव्या गाड्यांबरोबर गोवर आला. तिथल्या मूळ रहिवासी कायूस लोकांची मुलं पटापट मेली, गोऱ्यांची बरीचशी वाचली. डॉक्टर व्हिटमन आपल्याला विष देतोय, असा त्यांचा समज झाला. २९ नोव्हेंबरला व्हिटमन नवराबायको आणि आणखी काही जण मारले गेले, त्यांत कॅथरिनचे दोन भाऊ होते. पुढे १८५० मध्ये पाच कायूस पुरुषांना ओरेगन सिटीत फासावर चढवलं. कॅथरिनची हकिकत छापली गेली. गोवराने गेलेल्या कायूस मुलांच्या आयांना विचारायला वही-पेन्सिल घेऊन कोण गेलं होतं?

तू वास्कोत शिकतोस म्हणून सांगते, हे काम इथं बाकी आहे. घाट उतरून गोव्यात आलेल्यांच्या, देव घेऊन जुवारी ओलांडलेल्यांच्या गोष्टी आपण हौसेने सांगतो. म्हशी घेऊन सत्तरी-सांग्यात उतरलेल्या धनगर आज्यांना, कुणबी-गावडा आज्यांना कुणी विचारत नाही. साळावली धरणात सांग्याचं कुर्डी गाव गेलं, माणसं वाडे आणि वालकिणीला हलवली. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुलं आज पन्नाशीच्या घरात आहेत आणि मे महिन्यात पाणी उतरलं की गावाच्या देवळाशी जमतात. तुझ्या कॉलेजपासून तासा-दीडतासावर. पाण्यात गेलेल्या घराच्या दारात कुठलं झाड होतं, एवढंच विचार आणि गप्प बस. मोबदल्याच्या रकमेने सुरुवात केलीस तर तेवढंच ऐकून परत येशील.

प्रश्न : आमच्या पणजीच्या प्रवासाची गोष्ट घरी आहे, पण कागद एकही नाही. गोव्यात शोधायचं कुठं?
— माशेलची एक वाचक

उत्तर : पहिल्यांदा नात्यातल्या सर्वांत जुन्या घराच्या माळ्यावर. वाटण्यांचा खटला, म्हणजे आपण जिला इन्व्हेंटरी म्हणतो, झाला असेल तर त्या कागदांत वारसांची नावं, नाती आणि मालमत्तेची यादी मिळते. पणजीचं नाव बऱ्याचदा तिथंच पहिल्यांदा दिसतं, कारण एरवी ती ‘अमक्याची बायको’ असते. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आईबापांबरोबर आजी-आजोबांचीही नावं असतात, म्हणजे एका नोंदीत तीन पिढ्या. ती नोंद तालुक्याच्या निबंधक कार्यालयात विचारा, जुन्या दप्तरांसाठी पणजी शहरातल्या पुराभिलेख खात्यात जा. ते खातं १५९५ चं आहे, आशियातल्या जुन्या दप्तरखान्यांत मोडतं, आणि वाचनकक्षात पंखा सावकाश फिरतो, तेव्हा सकाळीच जा.

नावांच्या स्पेलिंगकडे लक्ष ठेवा. शेट हे नाव पोर्तुगीज नोंदीत एक्स या अक्षराखाली असतं, प्रभू असेल तर पोरोबो, कामत असेल तर कामोतीं. माशेलच्या एका वाचकाने एस अक्षराची सगळी वही चाळली होती बिचाऱ्याने. पणजी घाटावरून आलेली असेल तर तिचा जन्म गोव्यातल्या वहीत मिळणारच नाही. तिची इथली पहिली नोंद तिच्या थोरल्या मुलाच्या जन्माची असेल, तिथून मागे जा. आणि अर्ज करताना पणजीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरात हाक मारायचे ते नाव, तिन्ही लिहून न्या. कारकुनाच्या खिडकीत उभं राहून घरी फोन लावायची वेळ आणू नका. मागची रांग बोलते.